पेटी क्रमांक चौदा आणि न उघडलेला रांजण

दाम्पो नदीधक्का पोलीस चौकी. दिनांक १९ ऑक्टोबर, सकाळी १० वाजून २० मिनिटे.

नाव: तक माल-सुन. वय: चौसष्ट. धंदा: पाकट मासा मुरवणे व विकणे. शिक्षण: सहावी. राहणार: घर नंबर ९, पाकट गल्ली, जुना धक्का, दाम्पो. लिहून घेणार: हवालदार बांग.

टीप: जबाब देणारीने "माझ्या तोंडचं माझ्या तोंडासारखंच लिही, सरकारी साबणाने धुऊ नकोस" असा आग्रह धरल्यामुळे खालील मजकूर तिच्याच शब्दांत घेतला आहे.

मी चौकीत आपल्या पायाने आले आहे. समोर बसून, कोणी न शिकवता सांगते ते असं.

वरच्या पत्त्यावर मी एकटी राहते. मुलगी लग्न होऊन सोलला असते. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. माझ्यावर दोन तक्रारी आहेत असं मला सांगण्यात आलं. पहिली नगरपालिकेची, की मी सरकारी खांबावरची पेटी क्रमांक चौदा उपटून नेली. दुसरी बर्फ कारखान्याच्या मालकांची, की मी त्यांची खिडकी दगडाने फोडली. दोन्ही गोष्टी मी केल्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तिसरी एक गोष्ट माझ्या माथी मारली जात आहे. नगरपालिकेचे साहेब म्हणतात की १७ तारखेला सकाळी मी रांजण उघडला आणि त्याच वासाने पेटी बोंबलली. मी रांजण उघडला नव्हता. हे एवढं कागदावर यावं म्हणून मी दुकान बंद ठेवून आले आहे.

हवालदार बांग म्हणाले, "काकू, क्रमाने सांगा." म्हणून क्रमाने सांगते.

२० ऑगस्टला नगरपालिकेने आमच्या गल्लीत माझ्या दारासमोरच्या खांबावर सदर पेटी लावली. आकाराने शिवणाच्या डब्याएवढी. वर छोटी सूर्यपट्टी, खाली जाळी, पुढे दिवा आणि आकडे दिसतात अशी काच. हवेत काय काय मिसळलंय ते ती बघते: अमोनिया, गाड्यांचा धूर, धूळ, दमटपणा, उष्मा. अमोनिया वाढला की ती बोंब ठोकते आणि अग्निशमन केंद्राला आपोआप निरोप जातो. पेटी चोरीला जाऊ नये म्हणून ती दर मिनिटाला आपण कुठे आहोत तेही नोंदवते, असं लावणाऱ्यांनी सांगितलं. त्यावेळी मी म्हटलं, "आमच्या गल्लीत येऊन कोण चोरतंय? बाहेरचा माणूस नाक धरून पळतो."

आता आमच्या गल्लीत अकरा दुकानं, अकराही पाकटाची. मुरलेल्या पाकटातून अमोनिया येणार नाही तर काय अत्तर येणार? पहिल्या पंधरा दिवसांत बंब चार वेळा आला. चारही वेळा माझ्या दारात. बंबाचे कप्तान दर वेळी डोळे पुसत आत येत, ताटलीभर पाकट, उकडलेलं डुकराचं मांस आणि जुनी किमची खाऊन जात. चौथ्या वेळी ते म्हणाले, "मावशी, आता न बोलावताच येत जाईन, बंब कशाला काढायचा?" माणूस चांगला आहे.

पण नगरपालिकेला हसू आलं नाही. ६ सप्टेंबरला लेखी ताकीद आली. यापुढे माझ्यामुळे तीनदा बंब आला तर मुरवणीची खोली गल्लीतून उचलून नदीपलीकडच्या कारखान्यांच्या जागेत न्यायची. साहेबांना वाटतं रांजण म्हणजे कपाट, इथलं उचललं आणि तिथे ठेवलं. माझ्या सासूच्या सासूने ती खोली निवडली. तिच्या मागच्या भिंतीला नदीचा गारवा लागतो, म्हणून पाकट मुरतो. दुसरीकडे तो नुसता सडतो. माझ्याकडे एकोणीस रांजण आहेत. ते हलले की माझा धंदा संपला, आणि या तालुक्यातल्या लग्नांच्या पंगतीही मोडल्या म्हणून समजा. पाकट नसलेल्या पंगतीत कोण जेवतं?

यानंतर माझ्या हातून एक चूक झाली, ती कबूल करते. मला वाटलं, पेटी रुसली आहे. नवीन यंत्र लागलं की त्याला माक्कोली, म्हणजे आपली तांदळाची दारू, पाजायची, सुका मासा पांढऱ्या दोऱ्याने बांधायचा, नमस्कार करायचा आणि सांभाळून घे म्हणायचं, ही रीत आहे. माझ्या नवऱ्याने तर दुचाकीलाही पाजली होती. नगरपालिकेने पेटीचं काहीच केलं नव्हतं. म्हणून ८ सप्टेंबरला सकाळी मी स्टुलावर चढून पेटीला सुका मासा बांधला आणि वाटीभर माक्कोली जाळीवर शिंपडली. जरा जास्त पडली. पेटीची बोंब दुपारपर्यंत थांबली नाही. तीनातली पहिली बंबफेरी अशी गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी पेटी बनवणाऱ्या संस्थेतून प्यो सो-दाम नावाची इंजिनियर मुलगी आली. वय एकोणतीस, केस कापलेले, मोजे दोन रंगांचे. तिने पेटी उघडली, हुंगली आणि खाली माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, यंत्राला दारू कोणी पाजली?"

मी म्हटलं, "आजी कोणाला म्हणतेस? काकू म्हण. आणि तुम्ही पाजली असती तर मला पाजावी लागली नसती."

ती खूप हसली. म्हणाली, त्यांच्या प्रयोगशाळेतही मोठं यंत्र सुरू करताना नमस्कार होतो, फक्त नैवेद्याला डुकराचं मुंडकं ठेवायला परवानगी नाही म्हणून संगणकाच्या पडद्यावर मुंडक्याचं चित्र लावतात. मी विचारलं, "आणि दारू?" ती म्हणाली, "ती खरी असते, पण माणसांनी प्यायची." तेव्हापासून ती मला आवडते.

तिने मला पेटीचं आतलं दाखवलं. नखाएवढ्या सहा पट्ट्या. प्रत्येकीवर कार्बनच्या नळ्यांचं जाळं पसरलेलं, नळ्या इतक्या बारीक की त्यांच्यापुढे केस म्हणजे ओंडका वाटावा. हवेतलं काही त्यांना येऊन चिकटलं की त्यांच्यातून वाहणाऱ्या विजेत फरक पडतो. सहा पट्ट्यांना सहा वेगवेगळे लेप दिलेले, त्यामुळे एकाच वासाला प्रत्येक पट्टी वेगळं कुरकुरते. प्यो म्हणाली, "एकटी पट्टी फसते, काकू. सहाजणींचं एकत्र ऐकलं की कळतं वास कोणाचा. पाकटाचा अमोनिया एकटा येत नाही, मासा आणि ओल बरोबर घेऊन येतो. नुसता अमोनिया वेगळा. पण हा फरक पेटीला कोणीतरी शिकवायला हवा."

मी म्हटलं, "म्हणजे नवी सूनच की. घरचे वास शिकवायचे."

त्यासाठी मी सोळा दिवस वही लिहिली. कोणता रांजण, किती दिवसांचा, किती वाजता उघडला, किती वाजता झाकला. प्यो दर दोन दिवसांनी येऊन वही आणि पेटी ताडून बघायची. सदर वही मी सोबत आणली आहे. तिच्यावर लाल तिखट सांडलंय, त्याकडे लक्ष देऊ नये. याच काळात समोरच्या यॉमबाईंनी मला न सांगता तीन रांजण एकदम उघडले आणि दुसरी बंबफेरीही माझ्या नावावर पडली. यॉमबाई म्हणतात त्यांना ठाऊक नव्हतं. नसेल. आता एकच उरली होती.

तिसऱ्या भेटीत प्योने तीन बाटल्या आणल्या आणि माझे डोळे बांधून हुंगायला दिल्या. मी म्हटलं, एक व्हिनेगर, बाकी दोन पाणी. तिने डोळे सोडले. एकच पाणी होतं, दुसरी अमोनियाची. ती ओशाळून म्हणाली, "काकू, चाळीस वर्षं रांजणात डोकं घातलंत. नाकाने तेवढी एक खोली बंद करून घेतली." मी आजवर गिऱ्हाइकांना सांगत आले की पाकट मुरला की नाही ते माझं नाक सांगतं. खरं तर बोट आणि जीभ सांगत होती. मला फार वाईट वाटलं, हे लिही, बांग. मग प्योने गल्लीतल्या सगळ्यांना हुंगायला लावलं. अकराच्या अकरा दुकानांची नाकं तशीच निघाली. तेव्हा जरा बरं वाटलं.

१३ ऑक्टोबरला शिकवणी पूर्ण झाली. ओळखीचा पाकट असेल तर दिवा पिवळा, अनोळखी अमोनिया असेल तर लाल. पण ही नवी पद्धत नगरपालिकेने अजून मान्य केली नव्हती. साहेब म्हणाले, "यंत्राला बाईने शिकवलेलं आम्ही कसं धरायचं?" त्यामुळे दिवा कोणताही असो, बोंब आणि बंब जुन्याच हिशेबाने चालू होते.

आता बर्फ कारखान्याबद्दल. तो गल्लीच्या टोकाला आहे. आमचा मासा ठेवायला बर्फ तिथूनच येतो. तिथले कामगारप्रमुख ओक छांग-दे, वय सहासष्ट, विधुर, माझ्या नवऱ्याचे दोस्त. मला वहिनी म्हणतात. बर्फ ते स्वतः मोजून देतात आणि तो नेहमी जास्त भरतो. विचारलं तर म्हणतात काटा बिघडलाय. अकरा वर्षं काटा बिघडलेला आहे. माझ्या नवऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशी ते सकाळी सहाच्या आत नाशपातीची पाटी दाराबाहेर ठेवून जातात. दार वाजवत नाहीत. याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

१७ ऑक्टोबरला श्राद्ध होतं. आमच्या घरात त्या दिवशी रांजण उघडत नाहीत. सासूची रीत. शिकवणी संपल्यावरही मी वही लिहीत होते, तिच्यात त्या तारखेचं पान कोरं आहे, बघून घ्यावं. मी पाच वाजता उठून स्वयंपाकाला लागले. ६ वाजून ८ मिनिटांनी पेटी बोंबलली.

गल्लीत कोणी मान वर केली नाही. यॉमबाई समोरून म्हणाल्या, "आज नवऱ्याच्या दिवशीसुद्धा रांजण?" मी म्हटलं, "नाही उघडला." त्या म्हणाल्या, "मग माझा असेल, तुझा असेल, कोणाचा तरी असेल." मी खांबाजवळ जाऊन बघितलं तर दिवा लाल होता.

तेवढ्यात अग्निशमन केंद्राचा फोन आला. हल्ली ते आधी मला विचारतात. पलीकडचा म्हणाला, "मावशी, रांजण उघडलात ना?" यॉमबाईंनी ऐकलं आणि खुणा करून म्हणाल्या, "हो म्हण. पेटीवर पातेलं उपडं घाल. मिटलं." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. हो म्हटलं असतं तर बंब निघाला नसता आणि माझी शेवटची फेरी शिल्लक राहिली असती. माझ्या डोळ्यांसमोर एकोणीस रांजण आले. खोटं कशाला बोलू, आले. मग मी म्हटलं, "नाही उघडला. दिवा लाल आहे. बंब पाठवा." त्याने पुन्हा विचारलं, "नक्की? तुमच्या नावावर लागेल." मी म्हटलं, "लागू दे. या."

त्यानंतर मी स्टुलावर चढून पेटी खिळ्यासकट उपटली. कारण विचारलं तर कारण हे: गळती कुठे आहे ते शोधायला नाक लागतं, आणि माझ्यासकट गल्लीतली सगळी नाकं मेलेली. शुद्धीवर असलेलं नाक त्या गल्लीत एकच होतं आणि ते खांबावर होतं. म्हणून ते बरोबर घेतलं. याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा. मी पेटी घेऊन घरोघर हुंगवत गेले. काचेवरचे आकडे कारखान्याकडे चढत गेले, म्हणून मी कारखान्याच्या आवारात शिरले.

कारखान्याचं पुढचं दार बंद होतं. कोंबड्याने धूळ उडवावी तसा पांढरा धूर दाराखालून येत होता. नाकाला काही नाही, पण डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. मी नळाखाली टॉवेल भिजवून तोंडाला बांधला. आतून खोकला ऐकू आला. मी हाक मारली, उत्तर आलं नाही. तेव्हा अंगणात पडलेला दगड उचलून मी खिडकीवर घातला. तो रांजणाच्या झाकणावर ठेवायचा दगड होता, माझाच, ओक यांनी घासून द्यायला नेलेला. खिडकीला दोन दगड लागले. मालकांनी तक्रारीत एकच लिहिलाय, तेवढी दुरुस्ती करावी.

ओक आत पाण्याच्या हौदामागे ओलं पोतं डोक्यावर घेऊन बसले होते. बर्फ गोठवायला अमोनियाचाच गॅस लागतो, त्याच्या नळीचा सांधा सुटला होता. झडप त्यांनी बंद केली होती, पण परत दारापर्यंत येणं त्यांना जमेना. खिडकीतून हवा गेली, मी ओला टॉवेल आत फेकला, ते आवाजाच्या रोखाने आले आणि मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. त्यावेळी त्यांनी मला वहिनी म्हटलं नाही, नावाने हाक मारली. गॅस डोक्यात गेला असेल. बंब ६ वाजून १९ मिनिटांनी आला. कप्तान म्हणाले, अजून पाव तास गेला असता तर त्यांना माणूस न्यायला वेगळी गाडी आणावी लागली असती. ओक एक रात्र दवाखान्यात होते. आता ठीक आहेत, फक्त खोकताना शिव्या देतात.

इतकं होऊनही साहेबांनी ती फेरी माझ्या नावावर तिसरी म्हणून लावली. त्यांचं म्हणणं, गळती होती ते खरं, पण माझा रांजणही उघडा नव्हता कशावरून? म्हणून प्यो काल पेटीतली सगळी नोंद छापून घेऊन आली. सहाही पट्ट्यांच्या रेषा त्यात आहेत. त्या सकाळी मासा नाही, जास्तीची ओल नाही, नुसता अमोनिया. सोळा दिवसांच्या वहीतल्या एकाही पाकटाशी ते जुळत नाही. माझं नाक साक्ष देऊ शकत नाही, माझ्या शेजारणी देणार नाहीत, पण पेटी देते. पेटीला ना माझ्या ओळखीची भीड, ना साहेबांची. ती खोटं बोलत नाही. तिचं म्हणणं पूर्ण धरावं आणि ती फेरी माझ्या नावावरून काढावी, एवढंच मागणं आहे. पेटी परत त्याच खांबावर लावावी. खिळा मी देते.

हवालदार बांग यांनी वरचा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. ते वाचत असताना प्योची छापील नोंद त्यांच्यासमोर होती. वाचता वाचता ते थांबले आणि म्हणाले, "काकू, पेटी ६ वाजून ११ मिनिटांनी खांबावरून निघाली आणि ६ वाजून १३ मिनिटांनी कारखान्याच्या दारात होती. मध्ये कुठे थांबल्याचं यात नाही. दोन मिनिटांत अकरा घरं हुंगवून होतात?"

मी म्हटलं, पेटीचं घड्याळ चुकलं असेल. बांग म्हणाले, "मग रांजणाबद्दलही ती चुकली असेल." माझ्या अंगणात गोट्या खेळून मोठा झालेला हा, वय एकेचाळीस, आता मला कायदा शिकवतो. पण बोलला ते बरोबर. पेटीचं एक धरायचं आणि एक सोडायचं असं चालणार नाही. साहेब उद्या हेच विचारतील.

म्हणून पुढीलप्रमाणे दुरुस्ती करावी. मी घरोघर हुंगवत गेले, हे वाक्य खोडावं. मी सरळ कारखान्यात गेले. काचेवरचे आकडे तिथे पोहोचल्यावर बघितले. कारण विचारलं असता सांगते, त्या दिवशी सहा वाजता मी दार उघडून बघितलं होतं. पाटी नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दिवा लाल दिसला आणि मला दुसरं काही सुचलं नाही. पेटी मी नाक म्हणून बरोबर नेली हे खरं, पण कुठे जायचं ते मी तिला विचारलं नाही.

बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, ऐकून खात्री केली, खाली सही करते.

सही करण्यापूर्वी बांग यांनी सांगितलं की ओक छांग-दे अर्ध्या तासापासून बाहेरच्या बाकावर नाशपातीची पाटी मांडीवर घेऊन बसले आहेत आणि या चौकीची भिंत फळीची आहे. मी विचारलं, कुठपासून ऐकलं असेल? बांग म्हणाले, बिघडलेल्या काट्यापासून.

असू दे. खोडू नकोस.

(सही) तक माल-सुन